रुग्णालयात गोळीबार झाला तर?

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घ्यायला एक सिस्टर माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात आल्या होत्या. लोकलने मुंबईला जाऊन रात्रपाळी करणाऱ्या. दंडावरचा पट्टा सोडवताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, आमच्या वॉर्डात कुणी बंदूक घेऊन घुसलाच, तर मी पळायचे की थांबायचे? माझे निम्मे पेशंट पलंगावरून उठूही शकत नाहीत."

मला लगेच उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे व्यवसाय करूनही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. म्हणून आजचा लेख.

हे आपल्याकडे घडले आहे

१२ सप्टेंबर १९९२ रोजी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातील मारेकरी थेट वॉर्डात शिरले. उपचार घेत असलेल्या एका गुंडाला त्यांनी ठार केले. बंदोबस्तावरचे दोन पोलीसही मृत्युमुखी पडले. २००१ साली ठाण्यात गोळीबार झाला नाही, पण जमावाने सिंघानिया रुग्णालय पेटवले आणि आजारी माणसांना घाईघाईने हलवावे लागले.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर कुणीच विसरलेले नाही. कल्याणची लोकल जिथे संपते, त्या स्टेशनात गोळीबार करून दोन अतिरेकी जवळच्या कामा रुग्णालयात घुसले. दोन सुरक्षा रक्षक मारले गेले. अंजली कुलथे या परिचारिका तेव्हा रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी वॉर्डाची दारे लावली आणि सगळ्यांना पँट्रीत हलवले. त्यातच रक्तदाब वाढलेल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. भिंतीच्या कडेकडेने तिला त्यांनी प्रसूतिकक्षात नेले. बाळ सुखरूप जन्मले. त्या वीसही जणी वाचल्या.

कुलथे सिस्टरांकडे शस्त्र नव्हते. त्यांनी रुग्ण आणि गोळी यांच्यामध्ये बंद दार आणले. सगळे शास्त्र त्यात आले.

आधी दार, मग फोन

जो चालू शकतो आणि ज्याला सुरक्षित वाट दिसते, त्याने सामान न घेता बाहेर पडावे. चालणाऱ्या रुग्णांना सोबत न्यावे. जे हलू शकत नाहीत त्यांच्यासाठी खोलीचे दार आतून बंद करावे. दारामागे कपाट किंवा रिकामी खाट सरकवावी व खाटेच्या चाकांचे ब्रेक लावावेत. दिवे मालवावेत. रुग्णांना दार आणि काचा यांच्या समोरून बाजूला घ्यावे. मोबाईल पूर्ण मुका करावा. टेबलावर थरथरणारा फोनही ऐकू जातो.

मग ११२ क्रमांकावर हळू आवाजात कळवावे: कोणते रुग्णालय, कोणती इमारत, कितवा मजला, हल्लेखोर किती. पोलीस आले की त्यांच्याकडे धावत जाऊ नये. दोन्ही हात रिकामे दिसतील असे वर ठेवावेत. पोलिसांचे पहिले काम हल्लेखोराला थांबवणे हे असते. त्यामुळे ते जखमींना ओलांडून पुढे गेले तर गैरसमज नको.

रक्त थांबवा

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीची मोठी रोहिणी फुटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. १०८ ची रुग्णवाहिका निघाली तरी गोळीबार थांबेपर्यंत तिला आत येता येत नाही. अशा वेळी शेजारी असलेला माणूसच डॉक्टर.

• स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबावे. "थांबले का?" म्हणून सारखे उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवून आणखी जोराने दाबावे.

• हाता-पायातून रक्ताची धार थांबतच नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टी बांधावी. तिच्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावी. वेळ लिहून ठेवावी. ही पट्टी डॉक्टरांनीच सोडावी. सुतळी किंवा तार वापरू नये.

• जांघेत किंवा काखेत पट्टी बांधता येत नाही. तिथे जखमेत कापड ठासून भरावे आणि दाबून धरावे.

• छातीतील जखम घट्ट बंद करू नये. पोटातून आतडे बाहेर आले असल्यास आत ढकलू नये. ओल्या स्वच्छ कापडाने झाकावे.

• गोळी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघू शकते. पाठ तपासावी.

• अंगावर पांघरूण घालावे. जखमेत हळद किंवा कॉफी भरू नये. आपल्याकडे जखमीला आधी पाणी पाजतात. ते पाजू नये, कारण पुढे शस्त्रक्रिया लागू शकते.

"पोलीस केस आहे" म्हणून उपचार अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की जीव वाचवणे आधी, कागदपत्रे नंतर.

सिस्टरांना दिलेले उत्तर

दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला. म्हणालो, "सिस्टर, गोळीसमोर उभे राहणे हे तुमचे कर्तव्य नाही. तुम्ही जिवंत राहिलात तरच रक्त थांबवायला कुणी उरेल. पण दार लावणे तुमच्या हातात आहे. तुमच्या वॉर्डाच्या दाराला आतून कडी आहे का, तेवढे पाहा."

त्या क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आठ वर्षे तिथे काम करते. कधी पाहिलेच नाही."

परवा त्यांचा निरोप आला. कडी नाही. त्यांनी लेखी अर्ज दिला आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी रुग्णालयात काम करीत असेल किंवा रुग्णासोबत रात्र काढत असेल, तर आज जाताच दोन गोष्टी पाहून ठेवा: बाहेर जाण्याची दुसरी वाट कुठे आहे, आणि दाराला आतून कडी आहे का.