व्हिडिओ गेममधील ‘अचीव्हमेंट’ : प्रेरणा की प्रलोभन?

प्रस्तावना

खेळ हा मुळात खेळण्याच्या आनंदासाठीच खेळला जातो. भर उन्हात विटीदांडू खेळणाऱ्या मुलाला त्याबद्दल कोणी प्रमाणपत्र देत नाही, तरीही तो संध्याकाळपर्यंत घरी परतत नाही. डावात गुण मोजले जातात. पण ते डावाबरोबरच संपतात. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र गेल्या दोन दशकांत गुणांचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला. डाव संपल्यावरही तो खेळाडूच्या नावावर कायम राहतो आणि इतरांनाही दिसतो. यालाच ‘अचीव्हमेंट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पदक’ हा शब्द वापरला आहे. या पदकांमुळे खेळण्याचा अनुभव समृद्ध होतो की उणावतो, याचा येथे विचार केला आहे. पदकांची ही पद्धत आता वर्गाध्यापनातही येऊ लागल्याने हा प्रश्न केवळ करमणुकीपुरता राहिलेला नाही.

पदकांची वाटचाल

या कल्पनेचे मूळ १९८० च्या दशकाच्या आरंभी सापडते. ‘ॲक्टिव्हिजन’ या अमेरिकन कंपनीच्या गेममध्ये ठरावीक गुण मिळवणारा खेळाडू दूरचित्रवाणीच्या पडद्याचे छायाचित्र काढून कंपनीकडे टपालाने पाठवी आणि कंपनी त्याला भरतकाम केलेला कापडी बिल्ला पाठवून देई. १९८२ मधील ‘पिटफॉल’ या गेमसाठी ही मर्यादा २०,००० गुणांची होती. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’ या कन्सोलबरोबर सर्व गेमना लागू होणारी पदकव्यवस्था आणली व सर्व पदकांची बेरीज ‘गेमरस्कोअर’ या एका आकड्यात दाखवण्यास सुरुवात केली. २००७ मध्ये ‘स्टीम’ या संगणकीय वितरणव्यवस्थेने आणि २००८ मध्ये सोनीच्या ‘प्लेस्टेशन ३’ने तिचे अनुकरण केले. निन्टेन्डोने २०१७ मध्ये आणलेल्या ‘स्विच’ या कन्सोलवर मात्र अशी सामाईक व्यवस्था ठेवली नाही आणि तरीही त्या कन्सोलला प्रचंड लोकप्रियता लाभली. पदके ही खेळाची अनिवार्य गरज नाही, एवढे तरी यावरून स्पष्ट होते.

उपकारक बाजू

पदकांचा पहिला उपयोग म्हणजे खेळातील दडलेल्या शक्यतांकडे लक्ष वेधणे. ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ (२००७) या गेममध्ये एक पदक असे आहे की, आरंभी सापडणारा बागेतील एक बुटका पुतळा संपूर्ण गेमभर सांभाळत न्यायचा आणि शेवटी अग्निबाणात ठेवायचा. मूळ कथेला या पुतळ्याची काहीही गरज नाही. परंतु तो बरोबर घेतला की प्रत्येक लढाईत एक नवा प्रश्न उभा राहतो : शत्रूशी लढताना हा पुतळा ठेवायचा कोठे? एकदा खेळून झालेला गेम त्यामुळे पुन्हा नव्याने खेळावासा वाटतो. येथे पदक हे बक्षिसापेक्षा सूचनेचे काम अधिक करते.

दुसरा उपयोग कौशल्याच्या पावतीचा होय. अवघड टप्पा पार केल्यावर मिळणारे पदक खेळाडूला त्याची प्रगती कळवते. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गेममधील आनंदाचा संबंध स्वायत्तता, सक्षमता आणि परस्परसंबंध या तीन मानसिक गरजांच्या पूर्तीशी जोडला आहे. कौशल्याची पावती देणारे पदक यांपैकी सक्षमतेच्या जाणिवेला पोषक ठरू शकते.

अपायकारक बाजू

पदक जेव्हा खेळाऐवजी स्वतःकडेच लक्ष वेधून घेते, तेव्हा अडचण सुरू होते. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर – द बर्निंग अर्थ’ (२००७) या गेमच्या एक्सबॉक्स ३६० आवृत्तीतील सर्व १,००० गुण एकच हल्ला वारंवार करून काही मिनिटांत मिळवता येत. परिणामी गेम म्हणून नव्हे, तर गेमरस्कोअर वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणून त्याची ख्याती झाली.

‘टीम फोर्ट्रेस २’ या सांघिक गेमचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००८ मध्ये त्यात नवी शस्त्रे पदकांशी जोडण्यात आली. शस्त्रे लवकर मिळावीत म्हणून खेळाडू परस्परसंमतीने स्वतंत्र सर्व्हरवर जमून, प्रत्यक्ष सामना न खेळताच, पदकांच्या अटी पूर्ण करू लागले. पुढे निर्मात्या कंपनीने शस्त्रे मिळवण्याचा दुसरा मार्गही उपलब्ध करून दिला. नियम कोणीही मोडला नव्हता, पण सामना हरवला होता.

या विसंगतीचे विडंबन ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ (२०१३) या गेमने केले. त्यातील एक पदक पाच वर्षे गेम न खेळल्यास मिळते. अनेकांनी संगणकाचे घड्याळ पुढे करून ते मिळवले. न खेळण्याबद्दलचे पदकही खेळाडूला लबाडीने मिळवावेसे वाटावे, यातच त्या विडंबनाचे मर्म आहे.

संशोधनाचा कौल

बाह्य बक्षिसांमुळे अंतःप्रेरणा क्षीण होते का, हा मानसशास्त्रातील जुना वाद आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग या संदर्भात मूलभूत मानला जातो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला चित्रासाठी प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले. दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले असता, पूर्वकल्पना असलेल्या गटाने इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रकलेला दिला. अनपेक्षित प्रमाणपत्राने मात्र हानी झाली नाही.

एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. अपेक्षित अशा वस्तुरूप बक्षिसांनी अंतःप्रेरणा घटते, तर शाब्दिक दाद मिळाल्याने, विशेषतः महाविद्यालयीन वयात, ती वाढते, असे त्यात आढळले. ज्युडी कॅमेरॉन व डेव्हिड पिअर्स यांनी मात्र १९९४ मध्ये बक्षिसांची एकूण हानी नगण्य असल्याचे मत मांडले होते. त्यामुळे हा वाद पूर्णतः मिटलेला आहे असे म्हणता येत नाही.

शिवाय पदक हे धड वस्तू नाही आणि धड शाब्दिक दादही नाही. गेमनिर्माते ख्रिस हेकर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये पदकांच्या संभाव्य हानीवर व्याख्यान दिले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले होते. एलिसा मेकलर व सहकाऱ्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चित्रांना समर्पक शब्द जोडण्याच्या कामात गुण, पातळ्या व क्रमवारी यांचा वापर केला गेला. त्यामुळे शब्दांची संख्या वाढली. अंतःप्रेरणा मात्र वाढलीही नाही आणि घटलीही नाही. कृतीचे प्रमाण वाढले म्हणजे तिची गोडी वाढली असे नव्हे, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा बोध होय.

वर्गाध्यापनाशी संबंध

मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठात एकच अभ्यासक्रम दोन वर्गांना शिकवला जात असताना एका वर्गात पदके व क्रमफलक वापरले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सोळा आठवड्यांच्या काळात त्या वर्गातील विद्यार्थ्यांची प्रेरणा व समाधान दुसऱ्या वर्गाच्या तुलनेने घटले आणि अंतिम परीक्षेतही ते मागे पडले. दोन्ही साधने एकत्र वापरल्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे या अभ्यासातून ठरवता येत नाही. तरीही वर्ग ‘खेळासारखा’ करू पाहणाऱ्या अध्यापकाने थांबून विचार करावा, इतका हा निष्कर्ष गंभीर आहे. गेम नावडला तर खेळाडू तो बंद करू शकतो. विद्यार्थ्याला वर्ग बंद करता येत नाही.

समारोप

सारांश, पदके स्वभावतः हितकारक नाहीत आणि अहितकारकही नाहीत. पुतळा सांभाळायला लावणारे पदक खेळाडूला खेळात अधिक खोल नेते. एकच हल्ला पुन्हा पुन्हा करायला लावणारे पदक त्याला खेळाबाहेर काढते. पदक काढून टाकले तरी ती कृती करावीशी वाटेल का, हा प्रश्न या दोहोंमधील भेद ओळखण्यास पुरेसा आहे. उत्तर होकारार्थी असेल तर पदकाने केवळ वाट दाखवली. नकारार्थी असेल तर पदकाने खेळाची जागा घेतली. गेमच्या निर्मात्याने हा प्रश्न स्वतःस विचारणे जितके आवश्यक आहे, तितकेच ते स्वाध्यायाला गुण आणि उपस्थितीला बक्षीस ठरवणाऱ्या अध्यापकानेही विचारणे आवश्यक आहे.