कानाचं मशीन डब्यात पडू देऊ नका

वसई-विरार : कानाचं मशीन घेतलं आणि आठ दिवसांत ‘नुसता गोंगाट होतो’ म्हणून डब्यात टाकलं, असं अनेक घरांत होतं. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतंच. वर्षानुवर्षं कमी ऐकायची सवय झालेल्या मेंदूला पंखा, भांडी, रिक्षा सगळंच मोठं वाटतं. रुळायला काही आठवडे लागतात. आधी घरात, शांत जागी तास-दोन तास घालावं, मग वेळ वाढवावा. विरार लोकलची गर्दी सगळ्यात शेवटी! तरी त्रास झाला तर ऑडिओलॉजिस्टकडून आवाज पुन्हा सेट करून घ्यावा.

आपल्या किनारपट्टीवर खरा वैरी दमट हवा. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावं. मळ कोरड्या ब्रशने काढावा, पाणी लावू नये. सेलचा रंगीत स्टिकर काढला की हवा लागून तो सुरू होतो; स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. पोराने सेल गिळला तर थेट दवाखाना गाठावा.

वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत कानाची तपासणी होते. केंद्राच्या एडिप योजनेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना मशीन मिळू शकतं.