कथेचे बीज

"सर, विज्ञानकथा सुचायला मुंबई-पुण्यातच राहावे लागते का हो?" आमच्या घाटंजीतल्या एका विद्यार्थिनीने परवा वर्गानंतर विचारले. वडील कापूस पिकवणारे. पोरीच्या वहीत एक कथा लिहून तयार, पण दाखवायचा धीर नाही!

मी तिला २०२५ साली निवर्तलेल्या डॉ. जयंत नारळीकरांची हकीकत सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा-स्पर्धा भरवली होती. या खगोलशास्त्रज्ञाने एका रटाळ परिसंवादात बसल्या बसल्या कागद ओढला आणि कथा लिहायला घेतली. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवला आणि 'नारायण विनायक जगताप' या नावाने ती धाडली. 'कृष्णविवर'ला पहिले बक्षीस मिळाले. नाव नव्हे, कथा जिंकली!

पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्यांनी एवढेच धरले, की १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर? शाळेत आपण सर्वांनीच वाचलेला इतिहास. पण त्यापुढे हा दोन अक्षरी 'तर' आपण ठेवला नाही, त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आली. कपाशीला पावसाची चाहूल महिनाभर आधी लागली असती तर? कथा छान होती. वरचे नाव मात्र खोडलेले.

"अगं, हवे तर टोपणनाव घे," मी म्हटले, "पण पाठव!"

वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी वही दडलेली असेल. फराळ आटोपला की तिची जरा चौकशी करा.