बिडाच्या ओतकामातील पृष्ठदोष : नांगराच्या संदर्भात

रहिमतपूरवरून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तत्कालीन औंध संस्थानाच्या हद्दीत, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. तेथील लोखंडी नांगराला कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत चालावयाचे होते. फाळ खडबडीत असल्यास चिकण माती त्याला धरून राहते व बैलांवरील ओढ वाढते. त्यामुळे ओतकामातील गुळगुळीतपणा हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

पृष्ठभागावर दोष दिसताच रसाला दूषण देण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः तो पुष्कळदा साच्याच्या वाळूत असतो. वाळू अधिक ओली असल्यास तिच्यातील पाण्याची वाफ रसात अडकते व छिद्रे पडतात. अशा छिद्राची आतील बाजू नितळ असते; ती ओबडधोबड असून वाळूचे कण दिसल्यास साचा ढासळला असे समजावे. पहिल्या दोषावर ओल कमी करून साच्यास तारेने वायुमार्ग पाडणे, तर दुसऱ्यावर वाळू अधिक घट्ट ठोकणे हा उपाय होय.

रस थंड असल्यास दोन प्रवाह एकजीव न होता घडी उमटते. मात्र रस फार तापविल्यास तो जाड वाळूच्या कणांत शिरतो आणि वाळू ओतीवास चिकटते. म्हणून तापमान वाढविण्यापूर्वी बारीक वाळू व कोळशाची पूड वापरून पाहणे श्रेयस्कर ठरते.