अमर कदम पास, गोविंदराव नापास



मागच्या वेळी आपण व्याप्ती पाहिली. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. अग्नी आहे तिथे धूर आहेच, हे मात्र चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, आज याचा उपयोग काय?" त्याचं उत्तर आज एका वेब ॲप्लिकेशनच्या गोष्टीतून देतो.

मी ज्या वाचनालयाच्या कामात थोडं लक्ष घालतो, तिथे सभासद नोंदणीचा अर्ज संगणकावर आला. करणारा माझाच जुना विद्यार्थी. शिकला तत्त्वज्ञान, पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये गेला. पहिल्याच दिवशी एक निवृत्त शिक्षक आले, वाचनालयाचे फार जुने सभासद. नाव बदलून सांगतो, गोविंदराव म्हणू. त्यांनी नाव टाइप केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, 'नाव अवैध आहे.' असं तीनदा झालं. ते उठले आणि म्हणाले, "पंच्याहत्तर वर्षं हेच नाव लावतोय. आज अवैध झालं होय?" आणि नूतनीकरण न करताच घरी गेले.

मी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, माझ्या सगळ्या चाचण्या पास आहेत." तो खोटं बोलत नव्हता. गोविंदरावही खरेच होते. मग दोन्ही खरं कसं? हे कळायला आधी हे ॲप्लिकेशन कसं बांधतात ते पाहू.

त्यानं वापरली होती अपाची विकेट. क्रिकेटशी संबंध नाही. जावा भाषेतली ही एक मुक्त स्रोत चौकट आहे. जोनाथन लॉक यांनी २००४ मध्ये ती सुरू केली, आणि २००७ पासून ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. तिची मूळ कल्पना अशी, की पान म्हणजे घटकांची जुळणी. नाव भरायचा रकाना हा एक घटक, मजकूर दाखवणारं लेबल दुसरा, बटण तिसरा. हे सगळे ज्यात बसतात तो अर्ज, म्हणजे फॉर्म, हाही घटकच. प्रत्येक घटक म्हणजे जावातली एक वस्तू, स्वतःची स्थिती आणि वागणूक असलेली. पानाचं दिसणं वेगळ्या एचटीएमएल फाइलमध्ये राहतं. तिथे फक्त एक खूण करायची, की इथे अमुक ओळखीचा घटक बसेल. जावातली उतरंड आणि फाइलमधली उतरंड जुळली नाही, तर पान उभंच राहत नाही, चूक दाखवून थांबतं.

अर्ज पाठवला की काय होतं, तेही बघा. आधी रकाना रिकामा आहे का ते पाहिलं जातं. मग मजकुराचं हव्या त्या प्रकारात रूपांतर होतं. मग पडताळणीचे नियम लागतात. सगळे रकाने यातून पार पडले तरच माहिती आत, मॉडेलमध्ये, जाते. एक जरी अडला, तरी आतलं काही बदलत नाही.

आता चाचणी. विकेटसोबत 'विकेटटेस्टर' नावाचं साधन येतं. ब्राउझर नको, सर्व्हर नको. ते खोटी विनंती तयार करतं आणि पान खरोखर चालवून पाहतं. आपण त्याला सांगायचं, हे पान उघड, फॉर्ममधल्या नावाच्या रकान्यात अमुक भर, अर्ज पाठव. आणि मग ठामपणे म्हणायचं, आता चुकीचा संदेश नसला पाहिजे, पुढचं पान आलं पाहिजे, लेबलवर हेच नाव दिसलं पाहिजे. तसं झालं तर हिरवं, नाही तर लाल. अशा शेकडो चाचण्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवता येतात. घटक स्वतंत्र आहेत म्हणून हे जमतं.

तर आमच्या अर्जात नावासाठी नियम होता, फक्त अक्षरं आणि मधली रिकामी जागा चालेल. 'अक्षर' म्हणजे युनिकोड ज्याला अक्षर म्हणतं ते, त्यामुळे देवनागरीही चालायला हवी. विद्यार्थ्यानं मराठी नाव घालून चाचणीही लिहिली होती. कोणतं नाव? अमर कदम.

लक्षात येतंय का? अमर कदम. एकही काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही! युनिकोडमध्ये अ, म, र, क, द ही अक्षरं आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग अक्षरांचा नाही, खुणांचा आहे. त्यामुळे अमर कदम पास. 'गोविंद' मध्ये ओकार आला, वेलांटी आली, अनुस्वार आला, म्हणून नापास. साधा 'राम' सुद्धा नापास!

हीच ती उपाधी. 'मराठी नाव चालतं' असा निष्कर्ष विद्यार्थ्यानं काढला, पण त्याच्या आड 'नावात एकही खूण नसेल तर' ही अट लपली होती. ओल्या सरपणासारखी. उपाधी शोधायची रीत जुनीच आहे. हेतू आहे पण साध्य नाही, असं उदाहरण शोधायचं. लोखंडाचा गोळा शोधायचा.

मग आम्ही दोघं बसलो. आधी 'गोविंद' घालून चाचणी लिहिली. ती लाल झाली. मग नियमात खुणा चालतील असं केलं, चाचणी हिरवी झाली. विद्यार्थी खूश. मी म्हटलं, 'कुऱ्हाडे' घालून बघ. माझ्या जुन्या संगणकावर मी ते टाइप केलं आणि पुन्हा लाल! काही कीबोर्ड 'ऱ्ह' लिहिताना साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते अक्षरही नाही, खूणही नाही, त्याचा वर्ग तिसराच.

तेव्हा मी विचारलं, "अरे, पण नाव तपासायचंच कशाला?" तो म्हणाला, "कुणी नावाच्या जागी घातक कोड भरला तर?" रास्त भीती आहे. पण विकेटचं लेबल मजकूर दाखवताना त्यातली एचटीएमएलची विशेष चिन्हं आपणहून निष्प्रभ करतं. म्हणजे ज्या भीतीपोटी गोविंदरावांना अडवलं, तिचा बंदोबस्त दुसऱ्या घटकात होताच. आम्ही तो नियम काढून टाकला. नाव रिकामं नसावं आणि फार लांब नसावं, बस्स. आणि तो घातक कोड नावाच्या रकान्यात भरून, लेबलवर तो निव्वळ मजकूर म्हणून उमटतो, अशी चाचणी लिहिली.

आणखी एक गंमत. जन्मवर्षाच्या रकान्यात 'चार अंक' असा नियम होता. जावाचा नमुना-नियम वेगळं सांगितलं नाही तर इंग्रजी अंकांनाच अंक मानतो, म्हणून '१९४८' परत पाठवलं जाई. पण मजकुरातून पूर्णांक काढणारी जावाचीच पद्धत देवनागरी '१९४८' बिनतक्रार वाचते! दारावरचा रखवालदार ज्याला ओळखत नाही, त्याला घरातला माणूस ओळखतो. दोन्ही घटक आपापल्या नियमानं बरोबर, गडबड जुळणीत. नैयायिक बौद्धांशी भांडताना म्हणत, अवयवी हा अवयवांहून वेगळा पदार्थ आहे. त्या वादात आज शिरत नाही. पण रकाना वेगळा आणि अख्खा अर्ज वेगळा, दोन्ही तपासावे लागतात, एवढं त्यातून घ्या. विकेटटेस्टर पानावरची जावास्क्रिप्ट चालवत नाही, पान डोळ्यांना कसं दिसतं हेही सांगत नाही. त्यासाठी सेलेनियमसारख्या साधनानं खरा ब्राउझर चालवावा लागतो.

आणि इतकं करून 'आता चूक नाही' असं म्हणता येतं का? नाही. डायक्स्ट्रा यांनी १९७२ च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात हेच बजावलं, की चाचणीनं चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे नाही. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये विज्ञानाबद्दल याच अंगानं मांडणी केली होती. हिरवी चाचणी म्हणजे सिद्धी नव्हे. 'मी विचारलेल्या प्रश्नात सापडलं नाही', इतकाच तिचा अर्थ.

म्हणून खरा प्रश्न, मी कुणाला डोळ्यांपुढे आणून विचारतो? अमर कदम हे सोयीचं नाव होतं, ते पटकन सुचलं. चाचणी लिहिणाऱ्यानं सोयीचं नव्हे, अडचणीचं माणूस आधी आठवावं. जुना कीबोर्ड वापरणारं, मराठी अंक लिहिणारं, एकच नाव लावणारं. यंत्र त्याला अवैध म्हणण्याआधी आपण त्याला चाचणीत जागा द्यावी.

नंतर मी गोविंदरावांच्या घरी गेलो आणि माझ्या लॅपटॉपवर त्यांनीच अर्ज भरला. लेबलवर पूर्ण नाव उमटलं. ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "अनुस्वारासकट आलं की!"

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.