शंभर मठवासी, चार लाख हस्तलिखितं

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट जॉन्स मठात १९६० च्या दशकात तीनशेहून अधिक बेनेडिक्टाइन मठवासी होते. जगातल्या सर्वांत मोठ्या बेनेडिक्टाइन मठांमध्ये त्याची गणना व्हायची. आज तिथे शंभराच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बरेच वयस्क आहेत. १८५६ मध्ये पाच जणांनी उभा केलेला हा मठ दर दशकाला लहान होत चालला आहे.

याच साठ वर्षांत या मठाने जगभरची ४ लाखांहून अधिक हस्तलिखितं आपल्याकडे जमा केली आहेत. मूळ पोथ्या जिथल्या तिथेच राहिल्या. जमा झाली ती त्यांची छायाचित्रं, आधी मायक्रोफिल्मवर आणि आता डिजिटल रूपात. या संस्थेचं नाव हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररी.

चार लाख म्हणजे किती, हे आकडा वाचून कळत नाही. समजा, एका हस्तलिखिताची सरासरी दीडशे पानं धरली. मग पानांची संख्या ६ कोटींवर जाते. एका माणसाने मिनिटाला एक पान नुसतं पाहायचं ठरवलं, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, तर त्याची दिवसाला ४८० पानं होतील. सगळं संपायला १ लाख २५ हजार दिवस लागतील, म्हणजे सुमारे ३४२ वर्षं. रायगडावर संभाजीराजांचं राज्य असताना कोणी पहिलं पान उलटलं असतं, तर त्याच्या दहाव्या-अकराव्या पिढीने आत्ता कुठे शेवटचं पान पाहिलं असतं. आणि हे नुसतं पाहणं झालं, वाचणं नव्हे.

हे काम एका बेनेडिक्टाइन मठालाच का सुचलं, याचं उत्तर इटलीत मिळतं. परंपरेनुसार संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास रोम आणि नेपल्स यांच्या मधल्या माँटे कसिनो टेकडीवर मठ स्थापला. सहाव्या शतकात लोंबार्डांनी तो लुटला, ८८३ मध्ये सारासेनांनी जाळला, १३४९ मध्ये भूकंपाने पाडला. चौथा घाव १५ फेब्रुवारी १९४४ चा. त्या दिवशी दोस्तराष्ट्रांच्या २२९ बॉम्बर विमानांनी लाटांमागून लाटा करत मठावर अकराशे टनांहून अधिक बॉम्ब टाकले. आत जर्मन सैन्य नव्हतं. होते ते वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे, मोजके मठवासी आणि आसऱ्याला आलेले शेकडो गावकरी. त्यांतले दोनशेहून अधिक दगावले असावेत.

ही बॉम्बफेक व्हावी असा आग्रह चौथ्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख फ्रान्सिस टकर यांनी धरला होता, कारण त्या टेकडीवर चढून जायचं होतं ते त्यांच्या राजपुताना रायफल्स आणि गुरखा जवानांना. मठाची माहिती सैन्याकडे नव्हती. नेपल्सच्या पुस्तकाच्या दुकानात टकर यांना १८७९ चं एक पुस्तक सापडलं. त्यावरून भिंती पायाशी किमान दहा फूट जाड आहेत हे त्यांना कळलं. आपल्या माणसांना अशा भिंतीखाली पाठवणाऱ्या सेनापतीची घालमेल मला समजते. तरीही झाल्या गोष्टीने पोटात कालवतं, कारण बॉम्बफेकीनंतर जर्मन छत्रीधारी सैनिक त्याच ढिगाऱ्यात ठाण मांडून बसले आणि टेकडी हाती यायला १८ मे उजाडला.

कसिनो गावाजवळ राष्ट्रकुल युद्धस्मशान आहे. तिथे ४२७१ सैनिक आहेत, पैकी २८९ जणांची ओळख पटलेली नाही. ज्यांची कबरच माहीत नाही अशा आणखी चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे आहेत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते पडले १० जुलै १९४४ रोजी, बरंच उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वय अवघं २२. त्यांचं नाव मात्र या मठाच्या पायथ्याशी आहे.

मठ पडला, पण त्याची हस्तलिखितं वाचली. १९४३ च्या शरदात युलिउस श्लेगेल आणि माक्सिमिलिआन बेकर या दोन जर्मन अधिकाऱ्यांनी ग्रंथालय आणि दप्तर ट्रकांवर लादून बाहेर काढण्याची खटपट केली आणि तो ठेवा अखेर व्हॅटिकनला पोचला. तेव्हा ट्रक मिळाले म्हणून हजारभर वर्षांची अक्षरं आज आहेत. पुढच्या वेळी ट्रक मिळतीलच याची खात्री कोण देणार? त्यात शीतयुद्ध होतं, अणुबॉम्बची धास्ती होती. ऑक्टोबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांच्या हस्ते पुन्हा उभ्या राहिलेल्या माँटे कसिनोचा अभिषेक झाला. पुढच्याच वर्षी कॉलेजव्हिलचे फादर ऑलिव्हर कॅप्सनर ऑस्ट्रियात गेले आणि क्रेम्समुन्स्टरच्या मठात, ज्याची स्थापना ७७७ मधली आहे, मायक्रोफिल्मचा कॅमेरा लावला.

तिथून हा कॅमेरा ख्रिस्ती युरोपपुरता राहिला नाही, आणि मला या साऱ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १९७० च्या दशकात इथिओपियात काम सुरू झालं. सम्राट गेला, क्रांती झाली, रक्तपात झाला, तरी ९ हजारांच्या आसपास हस्तलिखितांच्या फिल्म झाल्या. केरळच्या सुरियानी पोथ्या झाल्या. इराकमध्ये डॉमिनिकन फादर नजीब मिकाएल यांच्याबरोबर काम झालं. २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटची टोळी चालून आली तेव्हा फादर नजीब यांनी जमेल तेवढ्या पोथ्या गाडीत घालून एर्बिल गाठलं. मालीतल्या टिम्बक्टूच्या इस्लामी ग्रंथांना २०१२ मध्ये धोका निर्माण झाला. तिथून पेट्यांमध्ये लपवून बामाकोला नेलेल्या पोथ्यांचा अंदाज तीन लाखांच्या वर आहे. त्यांच्याही छायाचित्रणात हा मठ आहे. मिनेसोटातले ख्रिस्ती मठवासी मालीमधल्या मुस्लिम घराण्यांची फिकह म्हणजे इस्लामी धर्मकायदा आणि खगोल यांवरची पानं जपतात. बेनेडिक्टाइन माणूस आयुष्यभर एकाच मठात राहण्याची शपथ घेतो. या संस्थेची धुरा अनेक वर्षं वाहणारे फादर कोलंबा स्ट्यूअर्ट हे त्याच शपथेने बांधलेले, आणि त्यांचा बराच काळ सीरिया, इराक, मालीच्या वाटांवर गेला.

याच मठाने १९९८ मध्ये आणखी एक काम हाती घेतलं, अगदी उलट्या चालीचं: सबंध बायबल हाताने लिहवून घ्यायचं. राणी एलिझाबेथ यांचे लेखनिक डोनाल्ड जॅक्सन आणि त्यांचे सहकारी वेल्समध्ये वासराच्या कातड्याच्या चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने, जुन्या चिनी शाईच्या कांड्या उगाळून लिहीत राहिले. शेवटचा शब्द २०११ मध्ये लिहून झाला. सात खंड, हजारांवर पानं, उघडल्यावर तीन फूट रुंद. एका ग्रंथाला दशकाहून अधिक काळ लागला.

वेळेचा हा हिशेब बेनेडिक्टाइनांना नवा नाही. ७३ प्रकरणांच्या त्यांच्या नियमग्रंथात १५० स्तोत्रं दर आठवड्याला पुरी झालीच पाहिजेत असं सांगितलं आहे; पूर्वजांनी एका दिवसात केलं ते आपण निदान आठवड्यात तरी करावं, असंही बजावलं आहे. काही स्तोत्रं रोज म्हणायची असतात. ती वेगवेगळी मोजली तर आठवड्याचा आकडा अडीचशेच्या वर जातो. आज पुष्कळ मठ दोन आठवड्यांची किंवा त्याहून लांब आवर्तनं करतात, पण मूळ हिशेबाने वर्षाची किमान ७८०० स्तोत्रं झाली. पन्नास वर्षं मठात काढलेल्या माणसाची ३ लाख ९० हजार. त्याला एवढा आकडा कधी गाठायचा नव्हता. तो फक्त दर आठवड्याला हजर राहिला. त्याच नियमग्रंथात उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक द्यावं आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं असं आहे. एका माणसाला एक पुस्तक!

छायाचित्रं लाखांनी काढता येतात. त्या पानावर काय आहे हे सांगणारा माणूस मात्र एका वेळी एकच पोथी उघडतो. कॉलेजव्हिलला हे काम करत होते गेताचेव हैले. ते इथिओपियाचे, तिथल्या प्राचीन गीझ भाषेचे पंडित आणि तिथल्या संसदेचे सदस्य. १९७५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढच्या वर्षी ते मिनेसोटात आले आणि चाकाच्या खुर्चीत बसून आपल्या देशातल्या पोथ्यांच्या फिल्म एकेक करून वाचू लागले: कर्ता कोण, लेखनिक कोण, दान कोणी दिलं, समासात काय खरडलं आहे. १९८८ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. इथिओपियन सूचीचे दहा खंड छापून झाले आणि त्यांत ५ हजार हस्तलिखितांच्या नोंदी आल्या. २०२१ मध्ये गेताचेव गेले. छापील सूचीबाहेर राहिलेल्या सुमारे ४ हजार इथिओपियन पोथ्यांसाठी आता गीझ वाचणारी दुसरी माणसं त्या फिल्मसमोर बसतात.