बाळंतिणीसाठी डबा न्यायचाय? मग तो तिच्याच ताटात पडेल असं बघा

कुणाकडे बाळ झालं की भेटायला जाणाऱ्यांच्या हातात टोपडं, झबलं, खुळखुळा असतो. पण ज्या आईच्या अंगावर ते बाळ पितं, ती दुपारी जेवली का, हे फारसं कुणी विचारत नाही. अशा घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी भेट म्हणजे घरून करून नेलेला डबा. ही रीत आपल्याकडे नवी नाही. घाटघरसारख्या डोंगरी गावांच्या पट्ट्यात तर बाळंतिणीच्या जेवणाची काळजी सरकारी योजनेलाही घ्यावी लागली. ती का घ्यावी लागली, हे कळलं की आपण डबा कसा न्यावा हेही कळतं.

बाळंतविडा म्हणजे काय?

बाळंतिणीला द्यायच्या भेटीला मराठीत खास शब्दच आहे, 'बाळंतविडा'. त्यात बाळाची अंगडी-टोपडी असतात, तशी आईसाठी खारीक, खोबरं, डिंक, अळीव, बदाम, गूळ, तूप अशी सामग्रीही असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे आणि सव्वा महिना बाळंतिणीने विश्रांती घ्यायची असते.

बाळंतिणीला जपायचे असे दिवस इतर देशांतही पाळतात. चीनमध्ये महिनाभर विश्रांती असते, मेक्सिकोत ४० दिवसांची. कोरियात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देतात. पदार्थ वेगळे, पण मधला विचार एकच: या दिवसांत तिला चुलीपुढे उभं राहायला लागू नये.

अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात. तेव्हा माहेर लांब राहतं आणि मोठं मूल हाताशी असतं. शहरातल्या छोट्या घरात तर अनेकदा नवरा-बायको दोघंच असतात. शेजारच्या डब्याची खरी गरज इथे असते.

तिला जास्त किती खायला लागतं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. प्रथिनंही सुमारे १७ ग्रॅम जास्त लागतात. म्हणजे रोजच्या जेवणाशिवाय जवळजवळ आणखी एक जेवण.

बाळ पहिले ६ महिने फक्त आईच्या दुधावर राहावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या काळात बाळाचं जेवण आईच्या अंगातून येतं. तिचं खाणं कमी पडलं तर शरीर आपल्या साठ्यातून भर घालतं. म्हणून दूध येत राहतं, पण आई मात्र खंगत जाते.

घाटघरच्या पट्ट्यात सरकार ताट का वाढतं?

घाटघर हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचं गाव. कोकणातून नाणेघाट चढून वर आलं की हेच गाव लागतं, शेजारी जीवधन किल्ला आहे. (अकोले तालुक्यातलं धरणाचं घाटघर वेगळं.) या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. शेती पावसावरची: भात, नाचणी, वरई. जुन्नर शहर साधारण ३० किलोमीटरवर. भातलावणीच्या दिवसांत घरातले सगळे हात खाचरात असतात, तेव्हा बाळंतिणीला गरम जेवण कोण करून घालणार?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग आदिवासी अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आईला अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार द्यायचा, अशी ही योजना. चौरस म्हणजे भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि जोडीला अंडं, केळी किंवा नाचणीचा हलवा.

धान्याची पिशवी घरी देणं सोपं होतं. पण घरी गेलेला शिधा घरातल्या सगळ्यांच्या पोटात जातो आणि सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरेल तेवढंच येतं. म्हणून शिजवलेलं, गरम आणि तिच्या नावाचं ताट. अर्थात, ओल्या बाळंतिणीला पहिल्या दिवसांत पाड्यावरून अंगणवाडीपर्यंत चालत जाणं सोपं नसतं. तिथे शेजारणीने पोहोचवलेला डबाच कामी येतो.

मग डब्यात काय द्यायचं?

खास काही लागत नाही. साधं, ताजं आणि पोटभर हवं.

• भाकरी: नाचणीची किंवा बाजरीची. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.
• डाळ किंवा कढण: मुगाचं वरण, मुगाचं कढण, मऊ खिचडी. खात असतील तर अंडी, मासे किंवा मटणाचा रस्सा.
• पालेभाजी: मेथी, शेपू, माठ, राजगिरा.
• एका हाताने खाता येईल असं काही: डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. रात्री दोन वाजता बाळाला पाजताना भूक लागते, तेव्हा हेच हाताशी येतं.

लाडू सगळेच आणतात, त्यामुळे अनेक घरांत त्यांचे डबे साठतात आणि भाजी-भाकरीची मात्र वानवा असते. आईला मधुमेह असेल तर गोड नेण्याआधी विचारा. सिझेरियन झालं असेल तर पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते आधी विचारून घ्या.

'वातूळ' आणि 'थंड' पदार्थांचं काय?

कोबी, फ्लॉवर, हरभरा वातूळ. केळी, दही थंड. पाणीही बेताने प्यावं, असं अनेक घरांत सांगतात. पण आईच्या पोटात झालेला गॅस दुधात उतरत नाही. एखाद्या पदार्थाने बाळाला खरंच त्रास होतोय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारून तेवढाच पदार्थ थांबवता येतो. सरसकट दहा गोष्टी बंद केल्या की आईचं ताट रिकामं होतं. पाणी तर तिला तहान लागेल तेवढं मिळालंच पाहिजे.

तरीही डबा नेणाऱ्याने त्या घरात वाद घालत बसू नये. सासूबाई जे खाऊ देतात त्यातलंच पौष्टिक निवडून न्यावं, म्हणजे डबा उघडला तरी जाईल. बाळाला मात्र मध, घुटी, साखरेचं पाणी काहीही चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

डबा नेताना

• आधी फोन करा आणि घरात किती माणसं आहेत ते विचारा. नवऱ्याला आणि मोठ्या मुलालाही पुरेल एवढं न्या. तसं केलं तरच तिचा वाटा तिला मिळेल.
• शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. नंतर खायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि वाफ येईपर्यंत गरम करा.
• सर्दी, ताप, जुलाब असतील तर स्वयंपाकही करू नका आणि भेटायलाही जाऊ नका.
• 'डबा रिकामा परत करू नये' ही आपल्याकडची रीत. ती पाळायची म्हणून बाळंतीण ओट्याशी उभी राहायला नको. 'डबा राहू दे, मीच येऊन नेईन' असं आधीच सांगा.
• दहा मिनिटांत निघा. चहा नको म्हणा.

एक गोष्ट दिवसाचीही. बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत घरात माणसांची ये-जा असते, नंतर ती ओसरते. आशाताई बाळ-बाळंतिणीला बघायला अगदी ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, कारण हे सगळेच दिवस जपायचे असतात. तेव्हा बारशाला गेला असाल तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला एक वार आत्ताच ठरवून ठेवा. त्या दिवशी तिच्या घरी दुसरा डबा आलेला नसण्याचीच शक्यता जास्त.